मेमरीत उरलेला पासवर्ड: एका बॅकअप सर्व्हिसचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका बॅकअप सॉफ्टवेअरचं आहे. कंपनी आणि उत्पादन ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. मी बाहेरून कोड तपासायला बोलावलेला माणूस होतो. त्यामुळे टीमचे निर्णय जवळून पाहायला मिळाले, घ्यावे मात्र लागले नाहीत.

सॉफ्टवेअरचे दोन भाग होते. एका खिडकीत वापरकर्ता पासवर्ड टाकायचा. दुसरा भाग म्हणजे लिनक्सवर सतत चालणारी, सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली सर्व्हिस. खिडकी पासवर्ड जेसॉनमध्ये (माहिती मजकुराच्या रूपात बांधायची प्रचलित पद्धत) घालून लोकल सॉकेटवरून, म्हणजे एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्राममधल्या वाटेने, सर्व्हिसला द्यायची. सर्व्हिस त्यावर आर्गॉन-२ ही पासवर्डपासून किल्ली काढणारी, मुद्दाम जड ठेवलेली पद्धत चालवून किल्ली तयार करायची आणि पुढे बॅकअप त्याच किल्लीने एन्क्रिप्ट व्हायचे. म्हणजे पासवर्डची गरज सेकंदभराची, आणि सर्व्हिस मात्र एकदा सुरू झाली की आठवडेच्या आठवडे चालू राहणारी. सर्व्हिस कोसळली तर तिचा कोअर डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची जशीच्या तशी प्रत, आपोआप सपोर्ट विभागाकडे जायची.

काय सापडलं

सपोर्टमधला एक जण अगदी वेगळ्याच बगच्या मागे होता. कोणती फाइल वाचताना सर्व्हिस कोसळली ते पाहायला त्याने डंपवर स्ट्रिंग्ज ही वाचता येणारा मजकूर वेगळा काढणारी कमांड चालवली. फाइलच्या नावाच्या थोडं वर जेसॉनचा एक तुकडा दिसला आणि त्यात ग्राहकाचा पासवर्ड, साध्या अक्षरांत. ग्राहकाने तो टाकून कित्येक दिवस झाले होते. सपोर्टवाल्याने डंप बंद केला आणि लगेच वर कळवलं. इथवर सगळं बरोबर झालं.

पहिला निर्णय तिथेच घ्यायचा होता. आधी डंप गोळा करणं थांबवायचं, की आधी हा एखाद-दुसऱ्या ग्राहकापुरता प्रकार आहे का ते पाहायचं? टीमने दुसरा रस्ता धरला. कारणही समजण्यासारखं होतं: कोडमध्ये पासवर्ड पुसणारी ओळ सर्वांना माहीत होती, त्यामुळे हा काहीतरी अपवाद असणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मधल्या काळात नवे डंप येतच राहिले आणि त्यांतही पासवर्ड होते. माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वात महाग निर्णय. गोळा करणं थांबवायला सर्व्हरवरची एक सेटिंग पुरली असती, आणि ती नंतर परतही फिरवता आली असती.

पुसणारी ओळ गेली कुठे

कोडमध्ये खरंच ओळ होती. किल्ली तयार झाली की फंक्शनच्या शेवटी मेमसेट (मेमरीच्या तुकड्यात एकच मूल्य भरणारं फंक्शन), पासवर्डच्या बफरवर, म्हणजे तो तात्पुरता ठेवलेल्या जागेवर, शून्यं, आणि वर कॉमेंट: ‘पासवर्ड पुसा, काढू नका’. डीबग बिल्डमध्ये, म्हणजे दोष शोधण्यासाठीच्या बांधणीत, ती व्यवस्थित चालायची. ग्राहकाकडे जाणाऱ्या रिलीज बिल्डचा असेम्ब्ली कोड, म्हणजे कंपायलरने (कोडचं मशीनच्या सूचनांत भाषांतर करणारा प्रोग्राम) बनवलेल्या सूचना, उघडला तेव्हा चित्र वेगळं निघालं. आर्गॉन-२ चा कॉल, त्याच्यामागे लगेच स्टॅक पॉइंटर (स्टॅकचा, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या जागेचा, दर्शक) पूर्वपदावर, आणि रेट, म्हणजे फंक्शनमधून परतणं. मेमसेटचा मागमूस नाही.

कंपायलरने नियमाप्रमाणेच काम केलं होतं. प्रोग्रामच्या बाहेरून दिसणाऱ्या वर्तनात फरक पडणार नसेल तर एखादी क्रिया गाळायची मुभा त्याला भाषेचं मानकच देतं. बफर लोकल आहे, शून्यं लिहिल्यानंतर तो कोणी वाचत नाही, मग लिहायचं कशाला? पासवर्ड मागे उरतो की नाही हा प्रश्न त्या नियमाच्या हिशेबातच नाही. कॉमेंट तर कंपायलर वाचतच नाही. हा सापळा नवा नाही. सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या प्रसिद्ध सीडब्ल्यूई यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, १४. २०१७ च्या युझनिक्स सिक्युरिटी परिषदेतल्या एका शोधनिबंधाने नावाजलेल्या सुरक्षा प्रकल्पांच्या पुसण्याच्या पद्धती तपासल्या, आणि त्यांतही कच्चे दुवे निघाले.

तरीही इथे चाचणी घेणाऱ्यांना काही दिसलं नाही, कारण चाचणी डीबग बिल्डवर व्हायची. एवढं साधं.

मुळात पुसायचं कशाला, हा वाद

बैठकीत एका अनुभवी प्रोग्रामरने मुद्दा काढला की प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, मेमरी वाचू शकणारा हल्लेखोर आधीच जिंकलेला असतो. तो पुढच्या वेळी टाकला जाणारा पासवर्डही पकडेल, मग ही उठाठेव कशाला? मुद्दा पोकळ नाही. असा हल्लेखोर मशीनवर बसलेलाच असेल तर पुसून फार काही साधत नाही.

पण या प्रकरणात हल्लेखोर कोणी नव्हताच. मेमरी आपणहून बाहेर गेली होती. मेमरी अशी नकळत बाहेर जाण्याचे रस्ते बरेच आहेत: डंप, स्वॅप (रॅम अपुरी पडली की डिस्कवर हलवलेली मेमरी), हायबरनेशनची फाइल, व्हर्च्युअल मशीनचे स्नॅपशॉट. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीड या ओपनएसएसएल लायब्ररीतल्या दोषात तर मशीनवर पाऊल न ठेवता, एका विनंतीमागे ६४ केबीपर्यंत मेमरी सर्व्हरकडूनच मिळत होती. त्या तुकड्यात काय सापडेल हे नशिबावर होतं, पण पासवर्ड जितका वेळ मेमरीत पडून राहतो तितकं ते नशीब समोरच्याच्या बाजूने झुकतं. सेकंदभर राहणं आणि तीन आठवडे राहणं यात मोठाच फरक आहे. शिवाय लोक एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरतात. बॅकअपचा पासवर्ड गेला म्हणजे बऱ्याचदा ईमेलचाही गेला. वाद इथे मिटला.

पहिली फेरी: ओळ दुरुस्त करणं

पर्याय तीन होते. ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपायलरची वेगासाठीची काटछाट, बंद करणं कोणालाच नको होतं, बॅकअपचा वेग घसरला असता. व्होलाटाइल (हे लिखाण गाळू नको असं कंपायलरला सांगणारा शब्द) पॉइंटरमधून शून्यं लिहिणं व्यवहारात चालतं, पण मूळ बफरच व्होलाटाइल म्हणून घोषित नसेल तर मानकाची हमी संदिग्ध राहते. तिसरा पर्याय याच कामासाठी बनवलेल्या फंक्शनांचा. विंडोजवर सिक्युअर-झीरो-मेमरी आहे. ओपनबीएसडीने २०१४ मध्ये एक्स्प्लिसिट-बीझीरो आणलं आणि लिनक्सच्या जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये ते २०१७ च्या २.२५ आवृत्तीपासून आहे. सी-२३ मानकात मेमसेट-एक्स्प्लिसिट आलं. सी-११ मधलं मेमसेट-एस ऐच्छिक भागात आहे आणि जीलिबसीने ते घेतलेलंच नाही, त्यामुळे ते बाद.

टीमने एक्स्प्लिसिट-बीझीरो घेतलं आणि यावेळी रिलीज बिल्डवर तपासायचं ठरवलं. चाचणीसाठी २४ अक्षरांचा ओळखू येईल असा पासवर्ड टाकायचा, चालू सर्व्हिसचा डंप घ्यायचा आणि त्यात शोधायचं. पासवर्ड अजूनही सापडला. एकदा सॉकेटवरून आलेल्या बफरमध्ये, तोच जेसॉनचा तुकडा. दुसऱ्यांदा लॉगच्या संदेशात. ही दुसरी जागा मला फार बोलकी वाटली. डीबग लॉग ग्राहकाकडे बंद होता, पण लॉगची पातळी तपासण्याआधीच संदेशाची पूर्ण स्ट्रिंग तयार केली जात होती. लॉगमध्ये काहीच उमटत नव्हतं, तरी मेमरीत पूर्ण विनंती, पासवर्डसकट, लिहिली जात होती.

दोन्ही जागा दुरुस्त झाल्या. पुन्हा डंप, पुन्हा शोध: काही नाही. टीमने काम संपल्याची नोंद केली.

तुकडे

ती नोंद टिकली नाही. चाचणी विभागातल्या एका मुलीने शोधावर विसंबून न राहता डंपचा हीपचा भाग (प्रोग्राम लागेल तशी मागून घेतो आणि परत करतो ती मेमरी) नुसत्या डोळ्यांनी चाळला, आणि तिला पासवर्डची शेवटची आठ अक्षरं दिसली. आधीची सोळा नव्हती, त्यांच्या जागी कचरा होता.

तो कचरा म्हणजे हीपचा हिशेब. ब्लॉक परत केला की जीलिबसी त्याला मोकळ्या ब्लॉकांच्या साखळीत ओवतं आणि साखळीची माहिती त्याच ब्लॉकच्या सुरुवातीला लिहितं, ६४ बिट मशीनवर १६ बाइट. उरलेल्याला हात लावत नाही. म्हणजे पूर्ण पासवर्ड शोधणाऱ्या चाचणीला ‘नाही’ असं उत्तर मिळतं आणि सतराव्या अक्षरापासूनचा मजकूर जागच्या जागी असतो. लांब, काळजीपूर्वक निवडलेला पासवर्ड ठेवणाऱ्याचंच शेपूट उघडं पडतं, हा त्यातला विनोद.

मग शोध तुकड्यांचा सुरू झाला आणि स्टॅकवरही अक्षरं सापडली. पार्सर, म्हणजे जेसॉन उलगडणारा कोड, एकेक अक्षर स्ट्रिंगला जोडत जातो. जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीत १५ अक्षरांपर्यंतची स्ट्रिंग त्या ऑब्जेक्टच्या पोटातच मावते. सोळावं अक्षर आलं की सगळा मजकूर हीपवर हलतो आणि पोटातल्या जागेचे पहिले ८ बाइट नव्या क्षमतेच्या आकड्यासाठी वापरले जातात. नवव्यापासून पंधराव्यापर्यंतची अक्षरं मागे राहतात. आता दोन जागांचे तुकडे जोडा: नऊ ते पंधरा इथे, सतरा ते चोवीस तिथे.

छोट्या पासवर्डची गत निराळी. १५ अक्षरांपर्यंतची स्ट्रिंग मूव्ह केली, म्हणजे एका ऑब्जेक्टमधून दुसऱ्यात हलवली, तरी प्रत्यक्षात तिची प्रतच होते, आणि जुन्या ऑब्जेक्टमध्ये लांबी शून्य होऊन पहिल्या जागी एक शून्य बाइट येतो. बाकीची अक्षरं तिथेच. क्लिअर केल्यावरही हेच घडतं. ‘मूव्ह केलं म्हणजे जुन्या जागी काही उरत नाही’ हा समज टीममध्ये पक्का होता आणि तो किती ठिकाणी गृहीत धरलाय हे पाहून सगळेच गप्प झाले.

दुसरी फेरी: मागे धावायचं, की रस्ताच छोटा करायचा

मला हा या प्रकरणातला खरा निर्णय वाटतो.

एक मत असं की प्रत्येक प्रत हुडकून पुसायची. त्यासाठी ब्लॉक परत करताना पुसणारा ॲलोकेटर (मेमरी देणारा-घेणारा कोड) लिहायचा आणि पासवर्ड हाताळणाऱ्या सगळ्या स्ट्रिंगना तो लावायचा. हीपपुरतं हे चालतं. रिअ‍ॅलॉकने ब्लॉक हलवताना मागे सोडलेली प्रतही त्यात धरता येते. पण स्ट्रिंगच्या पोटातली जागा ॲलोकेटरच्या हातात नसते, रजिस्टरमधून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जागांतून, स्टॅकवर सांडलेली मूल्यं तर कोणाच्याच नाहीत, आणि जेसॉनची लायब्ररी दुसऱ्याची. तिची पुढची आवृत्ती आतल्या आत आणखी एक प्रत करणार नाही याची खात्री कोण देणार?

दुसरं मत: डंपच बंद करा. सपोर्ट विभागाने याला कडाडून विरोध केला, आणि त्यांचं बरोबर होतं. डंपांशिवाय त्यांना अर्धे बग सापडलेच नसते. तरी प्रयोग म्हणून युलिमिट या मर्यादा घालणाऱ्या कमांडने डंपचा आकार शून्य करून पाहिला. डंप येतच राहिले. लिनक्सवर डंप फाइलऐवजी पाइपने दुसऱ्या प्रोग्रामकडे जात असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) ही मर्यादा पाळत नाही, आणि इथे कंपनीचा स्वतःचा गोळा करणारा प्रोग्राम पाइपच्या टोकाला बसला होता.

तिसरं मत एका नव्या मुलाचं होतं: पासवर्ड सर्व्हिसमध्ये येऊच देऊ नका. एक छोटा वेगळा प्रोग्राम करा. तो पासवर्ड घेईल, किल्ली काढेल, किल्ली सर्व्हिसला देईल आणि संपेल. प्रोसेस संपली की तिची पानं, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, कर्नल दुसऱ्या कोणाला देण्याआधी शून्य करून देतं. मधल्या प्रती शोधत बसायची गरज राहत नाही, कारण त्या ज्या घरात आहेत ते घरच राहत नाही.

टीमने हे मत घेतलं. घेतानाही कुरबुर झाली, कारण ॲलोकेटर अर्धा लिहून झाला होता. तो तसाच बाजूला ठेवण्याचं धैर्य टीमप्रमुखाने दाखवलं, त्याचं श्रेय द्यायला हवं.

काय केलं

सहायक प्रोग्राम मुद्दाम ओबडधोबड ठेवला. ठरावीक आकाराचा एक ॲरे आणि त्यात थेट रीड सिस्टिम कॉलने वाचन. नेहमीची इनपुट फंक्शन्स नाहीत, कारण त्यांचा स्वतःचा बफर असतो आणि तो आपल्या हाताबाहेर. स्ट्रिंग क्लास नाही, जेसॉन नाही, लॉग नाही. शेवटी एक्स्प्लिसिट-बीझीरो आहेच. प्रोसेस संपणार असली तरी मधेच कोसळली तर काय, म्हणून.

त्या कोसळण्यासाठीच प्रोसेसवर डम्पेबल शून्य ही खूण लावली. तिने डंप तर थांबतोच, शिवाय त्याच वापरकर्त्याचा दुसरा साधा प्रोग्राम डीबगर म्हणून चिकटूही शकत नाही. पहिल्यांदा ही खूण सर्व्हिसने सहायक सुरू करण्याआधी लावली होती, पण एक्झेक झाल्यावर, म्हणजे नवा प्रोग्राम प्रत्यक्ष सुरू झाल्यावर, ती पूर्ववत होते. म्हणून ती सहायकाच्या मेन या सुरुवातीच्या फंक्शनमधली पहिलीच ओळ झाली.

स्वॅपचा बंदोबस्त करताना एक गंमत झाली. सहायकाची पूर्ण मेमरी, पुढे घेतली जाणारीसुद्धा, एमलॉकऑलने रॅममध्ये बांधून ठेवायचा बेत होता. तसं केलं आणि आर्गॉन-२ मेमरी मिळत नाही म्हणून बंद पडलं. ते ६४ एमआयबी मागत होतं, आर्गॉन-२ च्या आरएफसी ९१०६ या दस्तऐवजातल्या दुसऱ्या शिफारशीप्रमाणे, आणि सामान्य प्रोसेसला बांधून ठेवता येणारी मेमरी लिनक्स ५.१६ पासून ८ एमबी, त्याआधी तर ६४ केबी. कोणीतरी सुचवलं की आर्गॉन-२ ची मेमरीच कमी करा. तसं केलं असतं तर पासवर्ड फोडणं स्वस्त झालं असतं, म्हणजे एक भोक बुजवायला दुसरं मोठं केलं असतं. शेवटी इनपुटच्या ॲरेचं पान तेवढं बांधलं. आर्गॉन-२ च्या त्या मोठ्या जागेत पासवर्ड नसतो, त्यापासून हॅश करून काढलेली मूल्यं असतात.

सर्व्हिसमध्ये आता किल्ली राहते, आणि ती राहणारच, बॅकअप तिनेच होतात. तिच्यासाठी स्वतंत्र पान घेतलं, रॅममध्ये बांधलं आणि डंपमधून वगळण्याची खूण केली. स्वतंत्र पान अशासाठी की एमलॉक पानाच्या हिशेबाने चालतं. त्याच पानावरच्या दुसऱ्या कोणत्या गोष्टीने नंतर बांधणी सोडली तर किल्लीचीही सुटते.

चाचणी नव्याने लिहिली. रिलीज बिल्डवरच चालते, पासवर्डची कोणतीही सलग सात अक्षरं शोधते, यूटीएफ-८, यूटीएफ-१६ आणि बेस-६४ या मजकूर साठवायच्या तिन्ही पद्धतींत. डंपऐवजी ती प्रॉक फाइलसिस्टिममधून चालू प्रोसेसची मेमरी थेट वाचते. कारण डंपमधून वगळलेलं पान डंपमध्ये दिसणारच नाही, आणि उद्या कोणी चुकून तिथेच पासवर्ड ठेवला तर चाचणी खुशाल हिरवी होईल.

परिणाम

सर्व्हिसच्या मेमरीत पासवर्ड सापडणं थांबलं. काही महिन्यांनी चाचणी एकदा लाल झाली. कोणीतरी जुन्या ग्राहकांच्या सोयीसाठी सॉकेटवरची जुनी विनंती पुन्हा चालू केली होती. बदल बाहेर जाण्याआधीच अडला.

आधीच जमा झालेल्या डंपांचं प्रकरण मात्र तांत्रिक दुरुस्तीपेक्षा जड गेलं. सर्व्हरवरचे डंप पुसले, त्यांच्या बॅकअपमधलेही. ज्यांचे डंप आले होते त्या ग्राहकांना कळवलं, पासवर्ड बदला आणि दुसरीकडे तोच वापरत असाल तर तिथेही बदला. तेव्हा मुळातला एक दोष उघडा पडला: बॅकअपची किल्ली थेट पासवर्डमधून निघत होती. पासवर्ड बदलायचा म्हणजे सगळा डेटा पुन्हा एन्क्रिप्ट करून चढवायचा. आता डेटाची किल्ली यादृच्छिक असते आणि पासवर्डमधून निघालेली किल्ली फक्त तिच्यावरचं वेष्टण असते. प्रभावित ग्राहकांना मात्र एकदा सगळा डेटा चढवावाच लागला, कारण जुन्या प्रती जुन्या पासवर्डनेच उघडत होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

डंप गोळा करणं पहिल्या तासातच थांबवायला हवं होतं, हे वर आलंच. दुसरं, पासवर्ड कुठून कुठे जातो याचा कागदावर नकाशा पहिल्या दिवशी काढला असता तर एका ओळीच्या दुरुस्तीवर पहिली फेरी खर्च झाली नसती. त्या नकाशात सॉकेट, पार्सर, लॉग हे सगळे थांबे बसल्या बसल्या दिसले असते.

रस्ट या भाषेत लिहिलं असतं तर, हा प्रश्न बैठकीत आला होता. तिथली झीरोआइझ लायब्ररी कंपायलरने गाळू नये अशा पद्धतीने पुसते, पण व्हॅल्यू मूव्ह होताना मागे राहिलेल्या प्रती तिलाही माहीत नसतात. जावा किंवा डॉटनेटमध्ये तर स्ट्रिंग बदलताच येत नाही आणि गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप आवरणारा भाग) ऑब्जेक्ट हलवत राहतो. म्हणूनच जावाची पासवर्डची चौकट स्ट्रिंगऐवजी अक्षरांचा ॲरे देते.

खिडकीचा प्रश्न अजून उघडा आहे. पासवर्ड टाइप होतो तो खिडक्या बनवायच्या तयार टूलकिटच्या चौकटीत, आणि ती आत किती प्रती करते यावर टीमचा ताबा नाही. केपास या पासवर्ड मॅनेजरमध्ये २०२३ साली नेमकं हेच निघालं, दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०२३-३२७८४. टाइप केलेल्या प्रत्येक अक्षरागणिक चौकट मेमरीत एकेक स्ट्रिंग सोडत होती, आणि त्या जोडून पहिलं अक्षर वगळता मुख्य पासवर्ड उभा करता येत होता. २.५४ आवृत्तीत ते दुरुस्त झालं. इथल्या टीमने सध्या खिडकीचे डंप बंद केले आहेत आणि पासवर्ड दिल्यावर खिडकीची प्रोसेस संपवतात. खिडकी उघडी असताना मशीन हायबरनेट झालं तर पासवर्ड डिस्कवर जाऊ शकतो. हे दोष-नोंदवहीत ‘माहीत आहे, स्वीकारलं आहे’ अशा शेऱ्याने लिहून ठेवलं आहे, आणि पूर्ण डिस्क एन्क्रिप्शन चालू ठेवायची सूचना मार्गदर्शिकेत घातली आहे.